क्षमा करण्याचा अधिकार कोणाचा? हिब्रू संदेष्टे वाचताना

बायबलच्या जुन्या करारातली हिब्रू संदेष्ट्यांची, म्हणजे परमेश्वराचा निरोप लोकांना सांगणाऱ्यांची, पुस्तके पहिल्यांदा हाती घेणारा मराठी वाचक बहुधा एकाच जागी अडखळतो. होशेयाच्या पुस्तकातील अकराव्या अध्यायात जो परमेश्वर एफ्राइमाला, म्हणजे आपल्या इस्राएल लोकांना, हाताला धरून चालायला शिकवल्याची आठवण काढतो आणि तुला मी टाकून तरी कसा देऊ म्हणून कळवळतो, तोच परमेश्वर दोन अध्याय पुढे, पिल्ले हिरावून नेलेली अस्वलीण जशी तुटून पडते तसा त्याच लोकांवर तुटून पडण्याची भाषा करतो. यातले खरे कोणते, असा प्रश्न वाचकाला पडतो, आणि त्याला दोन उत्तरे आयती मिळतात. जुन्या करारातला देव कोपिष्ट होता आणि नव्यातला प्रेमळ आहे, हे पहिले उत्तर. होशेयाचा अकरावा अध्याय जुन्या करारातच आहे एवढे लक्षात घेतले की ते गळून पडते. कठोर वचने मूळची असून मवाळ वचने पुढच्या काळात कोणीतरी जोडली, हे दुसरे उत्तर. त्यात तथ्य नाही असे नाही. आमोसाच्या पुस्तकाचा आशादायी शेवट नंतरच्या हाताचा असावा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. परंतु ज्याने तो जोडला त्यालाही ही दोन्ही वचने एका पोथीत नांदू शकतात असे वाटले होते, आणि ते त्याला का वाटले, हा प्रश्न उरतोच.

मी ठाण्याच्या कोर्टात फौजदारी वकिली करतो. या ग्रंथांची ओढ मला लावली ती आमच्याच बार असोसिएशनमधील एका ज्येष्ठ बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातल्या, वकीलसाहेबांनी. ठाण्यात ही मंडळी आज देशातल्या कोणत्याही गावापेक्षा अधिक संख्येने राहतात, आणि टेंभी नाक्याजवळचे त्यांचे ‘शाआर हाशामाईम’ हे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, १८७९ सालचे आहे. कोकणातल्या या समाजात घरोघरी ज्याचे नाव घेतले जाते तो संदेष्टा मात्र एलियाहू. मलिदा या गोड पोह्यांच्या अर्पणविधीचा मान त्याचा. त्याच्या नावावर वेगळे पुस्तक नाही. ज्यांची पुस्तके आहेत ते आमोस, होशेय, मीखा, यशया, यिर्मया, यहेज्केल तुलनेने पंडितांच्या वाट्याला गेले. वकीलसाहेबांचे म्हणणे असे की ही पुस्तके वकिलाने वाचावीत, कारण त्यांतली निम्मी भाषा कोर्टाची आहे. ते खरे निघाले, आणि न्याय व दया यांचा गुंता मला जो काही उलगडला तो त्याच दाराने.

यशयाच्या पहिल्याच अध्यायात आकाश आणि पृथ्वी यांना ऐकायला बोलावले जाते आणि बापाने मुलांविरुद्ध मांडावी तशी फिर्याद मांडली जाते. होशेयाच्या चौथ्या अध्यायात परमेश्वराचा देशातील रहिवाशांशी वाद आहे असे जाहीर होते, आणि पाठोपाठ खोट्या शपथा, खून, चोरी, व्यभिचार अशी आरोपांची यादी येते. मीखाच्या सहाव्या अध्यायात डोंगर आणि पृथ्वीचे पाये यांच्यासमोर खटला उभा राहतो. तिथे फिर्यादी स्वतःच विचारतो की मी तुमचे काय वाईट केले, मी तुम्हाला कशाने शिणवले, माझ्याविरुद्ध काय ती साक्ष द्या. फिर्यादीने उलटतपासणीला आपणहून उभे राहावे, हे दृश्य मला माझ्या व्यवसायात फारसे पाहायला मिळालेले नाही.

आमच्या न्यायालयापेक्षा हे न्यायालय एका मूलभूत बाबतीत वेगळे आहे. कोणीही आपल्याच प्रकरणात न्यायाधीश असू नये, हे आमच्याकडे नैसर्गिक न्यायाचे पहिले तत्त्व समजले जाते. ज्याचे नुकसान झाले तो फिर्याद देतो, सरकार पक्ष खटला चालवतो, ज्याचा त्या भांडणाशी संबंध नाही असा न्यायाधीश निकाल देतो, आणि सर्व न्यायालये संपल्यावर दयेचा अर्ज जातो तो राज्यपालांकडे किंवा राष्ट्रपतींकडे. संदेष्ट्यांच्या न्यायालयात नुकसान झालेला, फिर्यादी, न्यायाधीश आणि दयेचा अर्ज ऐकणारा एकच आहे. आधुनिक मनाला हे खटकते. मलाही पहिल्यांदा ते खटकले. पण हळूहळू ध्यानात आले की दयेचा उगम नेमका तिथेच आहे. जो न्यायाधीश त्रयस्थ आहे त्याला क्षमा करताच येत नाही. त्याचे काहीच गेलेले नसते, म्हणून सोडून देण्याजोगे त्याच्यापाशी काही नसते. त्याने आरोपीला क्षमा केली तर ती त्याने दुसऱ्याच्या खिशातून केलेली असते.

आमचा कायदाही हे ओळखतो. काही गुन्हे तडजोडपात्र असतात. किरकोळ दुखापत, बदनामी, घरात बेकायदा शिरणे असे ते गुन्हे असून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्ये त्यांची यादी होती, आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे. त्या यादीत प्रत्येक गुन्ह्यासमोर तडजोड कोणी करायची तेही लिहिलेले आहे, आणि ती व्यक्ती म्हणजे ज्याला इजा झाली, ज्याची बदनामी झाली, ज्याच्या घरात कोणी शिरले, ती. काही गुन्ह्यांत कोर्टाची परवानगी लागते, पण कोर्ट आपल्या मनाने तडजोड करू शकत नाही. खून, दरोडा यांसारखे गुन्हे तर त्या यादीत नाहीतच.

ही यादी डोक्यात ठेवून संदेष्टे वाचले, तेव्हा मला त्यांच्या वचनांत एक फरक दिसू लागला. जिथे अपराध परमेश्वराविरुद्ध आहे, म्हणजे लोक त्याला सोडून बआल या परक्या देवाच्या मागे गेले आहेत, तिथे त्याची क्षमा चकित करणारी आहे. ती जवळजवळ फुकट मिळते. यिर्मयाच्या तिसऱ्या अध्यायात बेइमान झालेल्या इस्राएलाला परत बोलावताना एकच अट घातली आहे, ती म्हणजे आपला अपराध कबूल कर. दंड नाही, भरपाई नाही, नुसती कबुली. होशेयाचे सगळे पुस्तकच एका फसवणूक झालेल्या नवऱ्याच्या दुःखावर उभे आहे, आणि तो नवरा शेवटी संतापाला बाजूला सारतो ते कारणही तिथे सांगितले आहे. मी देव आहे, माणूस नव्हे, म्हणून मी नाश करायला येणार नाही, असे तो म्हणतो. ज्याचे गेले आहे तो बोलतो आहे, म्हणून त्याला हे म्हणता येते.

जिथे अपराध गरिबाविरुद्ध आहे, तिथे आवाज बदलतो. इ.स.पू. आठव्या शतकात, उत्तरेच्या इस्राएल राज्यावर यराबाम दुसरा असताना, दक्षिणेच्या यहूदा राज्यातल्या तकोवा गावचा आमोस तिथे जातो. तो मेंढपाळ होता आणि उंबरासारख्या फळांची निगराणी करीत असे. काळ भरभराटीचा होता. आमोसाच्या फिर्यादीत कलमे आहेत ती अशी की यांनी निर्दोष माणसाला रुप्यासाठी आणि गरजवंताला एका जोड्यासाठी विकले. गहाण घेतलेले कपडे अंथरून ते वेदीशेजारी लोळतात. अमावास्या आणि शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, केव्हा संपतो याची वाट पाहतात, का, तर धान्याची कोठारे उघडून माप लहान करता यावे, वजन मोठे करता यावे आणि गव्हाबरोबर भुसकटही विकता यावे. या शेवटच्या आरोपानंतर परमेश्वर शपथ घेतो, आणि शपथ अशी आहे की यांची कोणतीही कृत्ये मी कधीही विसरणार नाही. यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायात ज्याने लोकांशी नवा करार करण्याचे वचन देताना त्यांचे पाप मी पुन्हा आठवणार नाही असे म्हटले, त्यानेच इथे न विसरण्याची शपथ घ्यावी आणि तीही वजनमापात खोट करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या बाबतीत घ्यावी, हे मला योगायोगाने झालेले वाटत नाही. लहान मापाने ज्याला धान्य मिळाले तो गरीब त्या न्यायालयात हजर नाही. त्याचे विसरून जाण्याचा अधिकार न्यायाधीशही स्वतःकडे घेत नाही.

हा फरक रेघ मारावी इतका स्वच्छ आहे असा माझा दावा नाही. होशेयही खोट्या तराजूबद्दल बोलतो, आमोसही पूजास्थानांवर तुटून पडतो, आणि होशेयातली अस्वलीण तर वर आलीच आहे. संदेष्ट्यांच्या लेखी दोन अपराध मुळात जोडलेले आहेत, कारण ज्याने दुबळ्यांची बाजू घेणाऱ्या परमेश्वराला सोडले तो दुबळ्यांनाही सोडणार, असा त्यांचा हिशेब आहे. तरीही सुटकेचा मार्ग सांगायची वेळ येते तेव्हा दोन वाटा वेगळ्या पडतात. वर सांगितलेल्या यिर्मयाच्याच सातव्या अध्यायात, मंदिराच्या दारात उभे राहून तो लोकांना सांगतो तेव्हा कबुली पुरत नाही. माणसामाणसांत खरा न्याय केलात, परका, पोरका आणि विधवा यांना छळले नाहीत, तरच या जागी राहू देईन, अशी तिथे अट आहे. यशयाच्या पहिल्या अध्यायातले एक वाक्य भिंतीवरच्या चौकटीत पुष्कळ वेळा दिसते. तुमची पापे लाखेसारखी लाल असली तरी बर्फासारखी पांढरी होतील, हे ते वाक्य. चौकटीत त्याच्या आधीची वचने नसतात. तुमचे हात रक्ताने भरले आहेत, ते धुवा, न्यायाच्या मागे लागा, जुलूम झालेल्याला आधार द्या, पोरक्याचा न्याय करा, विधवेची बाजू मांडा, हे सगळे आधी येते आणि मग ते प्रसिद्ध आमंत्रण येते. यहेज्केल तर तेहतिसाव्या अध्यायात कारकुनासारखा नेमका आहे. दुष्टाने गहाण परत केले, लुबाडलेले भरून दिले आणि जीवनाच्या नियमांप्रमाणे चालू लागला, तर तो मरणार नाही. आणि त्याची पापे आठवली जाणार नाहीत हे वचन त्यानंतर लगेच येते.

‘करावे तसे भरावे’ या म्हणीवर वाढलेल्या आपल्या वाचकाला हे कर्मसिद्धान्तासारखे वाटण्याची शक्यता आहे. वारा पेरून वावटळ कापण्याचे होशेयाचे वचन तसे जवळचेच आहे. परंतु कर्माच्या हिशेबाला कोणी विनवणी करू शकत नाही, आणि संदेष्ट्यांच्या न्यायालयात विनवणीला मोठी जागा आहे. संदेष्टा तिथे सरकारी वकील म्हणून उभा राहतो आणि मधूनच, कोणी वकीलपत्र दिलेले नसताना, आरोपीच्या बाजूने बोलू लागतो. आमोसाच्या सातव्या अध्यायात त्याला टोळधाड दिसते, तेव्हा हा कठोर माणूस म्हणतो की प्रभू, क्षमा कर, याकोब (म्हणजे इस्राएल) टिकेल कसा, तो किती लहान आहे. परमेश्वर बेत बदलतो. मग त्याला आग दिसते, तो थांब म्हणून पुन्हा विनवतो आणि परमेश्वर पुन्हा बदलतो. तिसऱ्यांदा ओळंबा दिसतो, आणि या वेळी आमोस विनवणी करीत नाही. त्याच्या जागी बेथेलचा याजक अमस्या बोलतो. हा राजाविरुद्ध कट करतो आहे असे तो यराबामाला कळवतो आणि आमोसाला सांगतो की यहूदाला चालता हो, तिकडे भाकर मिळव, हे राजाचे पवित्रस्थान आहे, इथे बोलू नकोस. त्यानंतर लगेच पिकलेल्या फळांच्या टोपलीचा चौथा दृष्टांत आणि शेवट आल्याचा निकाल. ग्रंथाची रचना मुद्दाम अशी केली असावी असे मला वाटते. ज्या माणसाने दोनदा शिक्षा टाळली त्यालाच गावाबाहेर काढून अमस्याने आपल्या लोकांचा बचावाचा वकील घालवला. यिर्मयाची अवस्था आणखी बिकट आहे, कारण या लोकांसाठी प्रार्थना करू नकोस, मी ऐकणार नाही, अशी ताकीद त्याला खुद्द न्यायाधीशाकडून मिळते. ती एकदाच नव्हे तर वेगवेगळ्या अध्यायांत पुन्हापुन्हा द्यावी लागते, त्यावरून तो ती कितपत पाळत होता याचा अंदाज येतो.

शिक्षेचा निकाल जाहीर करायचा तो अमलात यावा म्हणून की येऊ नये म्हणून, याचे उत्तर यिर्मयाच्या सव्विसाव्या अध्यायात ज्या प्रकारे मिळते ते वाचून कोणताही वकील खूश होईल. यहोयाकीम राजाच्या कारकिर्दीच्या आरंभी, म्हणजे इ.स.पू. ६०९ च्या सुमारास, यिर्मया मंदिराच्या अंगणात उभा राहून हे मंदिर पूर्वीच्या शिलोच्या पवित्रस्थानासारखे उजाड होईल असे सांगतो. याजक आणि इतर संदेष्टे त्याला धरतात आणि मृत्युदंडाची मागणी करतात. सरदार मंदिराच्या नव्या दरवाजाशी बसतात, दोन्ही बाजू ऐकल्या जातात. यिर्मयाचा बचाव थोडक्यात असा आहे की मला पाठवले म्हणून मी बोललो, तुम्ही सुधारलात तर परमेश्वरही बेत बदलेल, आणि मला मारलेत तर निरपराध रक्त अंगावर घ्याल. मग देशातले काही वडीलधारे उठतात आणि पूर्वनिर्णय दाखवतात. हिज्कीया राजाच्या काळात मोरेशेथचा मीखा असाच बोलला होता, यरुशलेमची सियोन टेकडी शेतासारखी नांगरली जाईल आणि यरुशलेम ढिगारा होईल असे त्याने सांगितले होते. हिज्कीयाने त्याला मारले का? उलट राजा परमेश्वराला भ्याला, त्याने विनवणी केली आणि परमेश्वराने ते अरिष्ट आणले नाही. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचे वचन, संदेष्ट्याचे नाव आणि गाव यांसकट शब्दशः उद्धृत केलेले असे दुसरे उदाहरण संदेष्ट्यांच्या पुस्तकांत शोधून सापडणार नाही.

या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि तिला कोणी हरकत घेत नाही. मीखाचे भाकीत खरे ठरले नाही, यरुशलेम उभेच राहिले, म्हणून मीखा खोटा संदेष्टा होता असे त्या सभेत कोणी म्हणत नाही. ते खरे ठरले नाही हेच त्याचे यश समजले गेले. अठराव्या अध्यायात कुंभाराच्या घरी यिर्मयाला जे सांगितले जाते ते नेमके हेच आहे. एखाद्या राष्ट्राला उपटून टाकीन असे मी म्हटले आणि ते राष्ट्र फिरले, तर मीही फिरेन. आणि बांधीन असे म्हटले व ते बिघडले, तरीही मी फिरेन. याच खटल्यात शेवटी अहीकाम बिन शाफान मध्ये पडला म्हणून यिर्मया वाचला. त्याच अध्यायात उरीया बिन शमाया नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याची हकीकत आहे. तोही तेच बोलला, घाबरून मिसरात (इजिप्तमध्ये) पळाला, राजाने त्याला पकडून आणवले आणि तलवारीने मारले. दोघांचे म्हणणे एक होते; एकाच्या पाठीशी वजनदार माणूस होता आणि दुसऱ्याच्या नव्हता. पूर्वनिर्णय कितीही चांगला असला तरी शेवटी बाजूला कोण उभे आहे त्यावर ठरते, हे त्या काळीही होते, एवढेच यावर म्हणता येईल.

पण माझ्या म्हणण्याचा खरा कस लागतो तो यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याचा यरुशलेमाला वेढा पडलेला आहे. सिद्कीया राजा लोकांशी करार करतो की प्रत्येकाने आपल्याकडच्या हिब्रू गुलामांना, पुरुषांना आणि स्त्रियांना, मोकळे करावे. नियमशास्त्राप्रमाणे सातव्या वर्षी ते करायचेच होते, कित्येक पिढ्या कोणी केले नव्हते. वासरू कापून त्याच्या दोन भागांमधून चालत जाऊन मंदिरात करार होतो, आणि गुलाम खरोखरच सोडले जातात. पश्चात्ताप तोंडाचा नव्हता, हातातून सुटलेला होता. मग मिसरचे सैन्य निघाल्याची बातमी येते, खास्दी, म्हणजे बाबेलचे सैनिक, वेढा उठवून मागे सरतात, आणि धोका टळला असे वाटताच सोडलेली माणसे धन्यांनी पुन्हा धरून आणून गुलाम केली. यावर जे वचन येते ते सबंध पुस्तकातले सर्वांत थंड वचन आहे. तुम्ही आपल्या बांधवांना मुक्त केले नाहीत, तर पाहा, मी तुम्हाला मुक्त करतो, तलवारीला, रोगराईला आणि दुष्काळाला. मूर्तिपूजेचा इथे उल्लेख नाही. परत फिरण्याची एकही हाक नाही. ज्यांचे स्वातंत्र्य एकदा दिले आणि हिसकावून घेतले, त्यांच्या वतीने परमेश्वर तडजोड करायला तयार नाही, आणि थोड्याच काळात, इ.स.पू. ५८६ मध्ये, शहर आणि मंदिर दोन्ही जळाले.

पुढे मंदिर नसलेल्या काळात ही गोष्ट नियमाच्या रूपात लिहिली गेली. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात, प्रायश्चित्त दिनावरच्या भागात, असे सांगितले आहे की माणूस आणि परमेश्वर यांच्यामधल्या अपराधांचे प्रायश्चित्त तो दिवस करतो, पण माणूस आणि त्याचा शेजारी यांच्यामधल्या अपराधांचे प्रायश्चित्त, शेजाऱ्याचे समाधान करीपर्यंत, तो दिवस करीत नाही. आमच्या वकीलसाहेबांच्या घरी योम किप्पूरच्या, म्हणजे याच प्रायश्चित्त दिनाच्या, आदल्या दिवशी भावकीत आणि शेजारीपाजारी जाऊन माफी मागण्याची रीत होती, असे ते सांगत. जुनी पिढी या दिवसाला दारे लावून घेण्याचा सण म्हणून ओळखी, त्यामुळे जे काही मिटवायचे ते दार लागण्याआधी मिटवावे लागे.

समाधान करायला शेजारी जिवंतच नसेल तर काय करायचे, हा प्रश्न मात्र त्या नियमाने सुटत नाही. २०१३ च्या एप्रिलमध्ये शीळ फाट्याजवळ अनधिकृत इमारत कोसळून सत्तरहून अधिक माणसे गेली, त्यांत पुष्कळ मजूर आणि त्यांची मुले होती. अशा प्रकरणात क्षमा कोणाकडे मागायची आणि ती देण्याची कोणाची पात्रता आहे, हे मला कोणत्याही कलमात सापडलेले नाही. आमोसाच्या न विसरण्याच्या शपथेचे महत्त्व मला अशा वेळी कळते. गेलेल्यांच्या वतीने निदान एक जण विसरणार नाही म्हणतो, हीसुद्धा एक प्रकारची दयाच आहे, फक्त ती आरोपीच्या वाट्याची नाही.

आणि तरी याच प्रायश्चित्त दिनाच्या दुपारी, टेंभी नाक्यावर काय आणि जगभर काय, योनाचे पुस्तक वाचले जाते, आणि मी आतापर्यंत जे मांडले त्याला ते पुस्तक आव्हान देते. निनवे ही अश्शूर साम्राज्याची नगरी. इ.स.पू. ७२२ मध्ये अश्शूरने उत्तरेची राजधानी शोमरोन घेतली आणि उत्तरेचे राज्य नकाशावरून पुसले. तिथले लोक देशोधडीला लागले ते परतले नाहीत. तिथे जा म्हटल्यावर आधी उलट तार्शीशकडे पळालेला योना शेवटी अशा शहराला येऊन सांगतो की चाळीस दिवसांत निनवे उलथून जाईल. अट सांगत नाही, सुटकेची वाट सांगत नाही. लोक उपास करतात, राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो, प्रत्येकाने आपल्या हातचा जुलूम सोडावा असा हुकूम काढतो, आणि परमेश्वर अरिष्ट आणत नाही. योना संतापतो, आणि संतापाच्या भरात तो जे म्हणतो ते निर्गम या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायातले, मोशेला सांगितलेले परमेश्वराचे गुणवर्णन आहे. तू दयाळू आणि कृपाळू, मंदक्रोध, करुणेने भरलेला आहेस हे मला ठाऊक होते, म्हणूनच मी तार्शीशला पळालो. मूळ वर्णनात याच्यापुढे आणखी एक वाक्य आहे, की तो अपराध्याला निर्दोष म्हणून मुळीच सोडत नाही. योना ते गाळतो. सिनेगॉगमधल्या प्रार्थनेतही हे वचन म्हणताना त्या वाक्याच्या मध्येच थांबतात, म्हणजे न सोडण्याचा भाग म्हटला जात नाही. आणि बारा छोट्या संदेष्ट्यांची पुस्तके एकत्र असलेल्या पोथीत योना आणि मीखा यांच्यानंतर लगेच येणारा नहूम हा संदेष्टा याच वर्णनातला मंदक्रोध तेवढा ठेवतो, करुणा वगळतो, योनाने गाळलेले वाक्य पुढे आणतो आणि त्यावर निनवेच्या नाशाचे गाणे उभे करतो. निनवे पडले ते इ.स.पू. ६१२ मध्ये.

योना चिडतो तो हलक्या मनाचा म्हणून, असे प्रवचनांतून सांगितले जाते. मला तो अन्याय वाटतो. शोमरोनच्या लोकांचे जे गेले ते माफ करण्याचा अधिकार परमेश्वराला कोणी दिला, हा त्याचा न विचारलेला प्रश्न आहे आणि तो वाजवी आहे. यहुदी आचार्यांनाही तो टोचला असावा, कारण निनवेकरांनी लुबाडलेले परत केले की नाही यावर त्यांच्यात मतभेद आहे. बाबेलच्या तालमुदात, म्हणजे मिश्नावरील आचार्यांच्या चर्चांच्या तिथल्या ग्रंथात, म्हटले आहे की एखाद्याने चोरलेली तुळई वाड्यात बसवली असेल तर त्याने सगळा वाडा पाडून तुळई मूळ मालकाला परत दिली. ठाण्यात राहणाऱ्याला हा न्याय ऐकून जरा दचकायला होते. यरुशलेमच्या तालमुदातले मत उलटे आहे. निनवेकरांचा पश्चात्ताप दिखाऊ होता, हातात होते ते त्यांनी परत केले, पेटीत आणि कपाटात होते ते ठेवून घेतले. फौजदारी कोर्टात आयुष्य काढलेल्या माणसाला हे दुसरे चित्र अधिक ओळखीचे वाटते.

पेट्या उघडल्याच नसतील तर निनवे वाचले कशामुळे? पुस्तकाच्या अखेरीस परमेश्वर स्वतः कारण देतो, आणि त्यात पश्चात्तापाचा उल्लेखही नाही. ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी एक लाख वीस हजारांवर माणसे त्या शहरात आहेत, शिवाय पुष्कळ गुरेढोरे आहेत, त्यांची मला कीव येऊ नये काय, असे तो विचारतो. म्हणजे जे फिर्यादी नाहीत आणि आरोपीही नाहीत, ज्यांचे नाव कोणत्याच कागदावर नाही, पण शहर उलथले की जे त्याखाली सापडणार आहेत, त्यांच्यासाठी शिक्षा थांबवली गेली. अपराध्याला क्षमा केली असे यावरून निघत नाही.

नहूमाचे पुस्तकही प्रश्नावरच संपते, आणि बारांपैकी प्रश्नावर संपणारी पुस्तके हीच दोन असून दोन्ही निनवेबद्दल आहेत. नहूम शहराला विचारतो की तुझ्या क्रौर्याचा फटका ज्याला सतत बसला नाही असा कोण आहे? योनाच्या अखेरचा प्रश्न शहराच्या आतल्या लेकरांकडे पाहून विचारलेला आहे, नहूमाचा प्रश्न बाहेर चिरडलेल्या लोकांकडे पाहून. पोथी जुळवणाऱ्यांनी दोन्ही ठेवले, मध्ये मीखा ठेवला, ज्याच्या अखेरीस पापे समुद्राच्या तळाशी टाकून देणाऱ्या परमेश्वराची स्तुती आहे; आणि योना वाचून झाला की सिनेगॉगमध्ये मीखाची तीच वचने जोडून वाचतात. नहूम त्या दिवशी वाचत नाहीत, तो पोथीतच राहतो.